नॅचेझची खांबांची घरे आणि त्यांची मागची बाजू

१५ मे २०२५ रोजी अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी उभी असलेली ‘नोटोवे’ नावाची हवेली आगीत बेचिराख झाली. सुमारे ५३,००० चौरस फुटांची ही इमारत, अमेरिकन गृहयुद्धापूर्वी बांधलेल्या आणि अजून उभ्या असलेल्या हवेल्यांमध्ये सर्वांत मोठी म्हणून ओळखली जात होती. बातमी पसरताच काही जण हळहळले, तर काहींनी समाजमाध्यमांवर उघडपणे आनंद व्यक्त केला. शनिवारवाड्याला १८२८ मध्ये लागलेल्या आगीबद्दल आजही चुकचुकणाऱ्या मराठी वाचकाला हा आनंद चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. ऐतिहासिक इमारत जळाली तर खूश कोण होईल?

या प्रश्नाचे उत्तर त्या घरांच्या रचनेतच शोधता येते. त्यासाठी जळालेल्या हवेलीपेक्षा उभे असलेले एखादे गाव पाहणे अधिक सोयीचे, आणि मिसिसिपी राज्यातील नॅचेझ हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे. २०२० च्या जनगणनेनुसार या गावाची लोकसंख्या साडेचौदा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान नगरपालिकेएवढी. तरीही १८६१ ते १८६५ दरम्यान उत्तर आणि दक्षिण राज्यांत गुलामगिरीवरून झालेल्या गृहयुद्धापूर्वीची घरे येथे इतक्या दाटीने उभी आहेत की, तशी गावे अमेरिकेत मोजकीच सापडतील. त्या काळाला आणि त्या काळच्या वास्तूंना तिकडे ‘अँटेबेलम’, म्हणजे युद्धपूर्व, असे म्हणतात.

गाव लहान, मग घरे एवढी मोठी का?

फ्रेंचांनी १७१६ मध्ये येथे किल्ला बांधला. तेव्हा या परिसरात नॅचेझ जमातीचे मूळ रहिवासी राहत होते आणि गावाला नाव त्यांचेच मिळाले. फ्रेंचांच्या मागोमाग ब्रिटिश आणि स्पॅनिश अंमल येऊन गेला आणि १७९८ मध्ये हा प्रदेश अमेरिकेच्या ताब्यात आला. त्याच सुमारास सरकी वेगळी करणारे यंत्र प्रचारात आले, पुढे नदीतून आगबोटी धावू लागल्या आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवाच होता. या तिन्ही गोष्टी जुळून आल्या आणि नॅचेझमध्ये पैशाचा ओघ सुरू झाला.

चित्रपटांमुळे आपला असा समज असतो की, प्रत्येक पांढऱ्या खांबांच्या घरासमोर कापसाचे शेत पसरलेले असणार. नॅचेझमध्ये तसे नव्हते. गाव वसले आहे ते नदीपासून सुमारे २०० फूट उंच कड्यावर. कड्यावर हवा बरी असे आणि पुराचे पाणी पोहोचत नसे, तर कापसाची सर्वांत सुपीक जमीन समोरच्या तीरावर, लुइझियानाच्या पूरमैदानात होती. त्यामुळे अनेक जमीनदारांची शेते पलीकडे आणि घरे अलीकडे, अशी विभागणी झाली. पलीकडच्या शेतांवर गुलामीत ठेवलेले शेकडो लोक मुकादमाच्या देखरेखीखाली राबत, आणि त्या श्रमातून आलेला पैसा कड्यावरच्या घरांत, बागांत आणि मेजवान्यांत खर्च होई. घरासमोर शेत नसल्यामुळे आज ही घरे पाहणाऱ्याला केवळ देखणी वाटतात. उत्पन्नाचे साधन नजरेआड असले की वैभव आपोआप आल्यासारखे दिसते, आणि या गावाबद्दलच्या बऱ्याच गैरसमजांचे मूळ तिथेच आहे, असे मला वाटते.

हे खांब ग्रीक देवळांसारखे का?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ग्रीक पुनरुज्जीवन शैलीची लाट आली. या शैलीत घराचा दर्शनी भाग प्राचीन ग्रीक मंदिरासारखा, म्हणजे उंच खांब आणि त्यांवर त्रिकोणी शिखरपट्टी असा बांधत. नवे प्रजासत्ताक स्वतःला ग्रीक लोकशाहीचे वारसदार समजत असल्याने बँका, न्यायालये, चर्च आणि घरे सगळीकडे हीच शैली दिसू लागली. ती केवळ दक्षिणेची नव्हती, उत्तरेकडेही तितकीच लोकप्रिय होती. मात्र माणसांची खरेदी-विक्री करणाऱ्या समाजाने आपल्या घरांवर लोकशाहीचे चिन्ह म्हणून खांब उभारावेत यातील विसंगती दक्षिणेत अधिक उठून दिसते. अर्थात प्राचीन अथेन्समध्येही गुलाम होतेच, आणि गुलामगिरीचे समर्थक तो दाखला आवर्जून देत असत.

नॅचेझमध्ये शास्त्रोक्त खांब आणणाऱ्यांत लीव्हाय वीक्स याचे नाव पहिले घ्यावे लागते. मॅसेच्युसेट्समध्ये जन्मलेल्या या सुताराने १८१२ च्या सुमारास ‘ऑबर्न’ हे घर बांधले. अभिजात स्थापत्याच्या नियमांनुसार खांब असलेले हे त्या प्रदेशातील पहिलेच घर, असा त्याचा स्वतःचा दावा होता. (हा वीक्स त्यापूर्वी १८०० मध्ये न्यूयॉर्कमधील एका गाजलेल्या खून खटल्यातून निर्दोष सुटला होता. त्याच्या वकिलांमध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन आणि ॲरन बर हे त्या काळचे दोन नामवंत राजकारणीही होते, आणि चारच वर्षांनी बरने हॅमिल्टनला द्वंद्वयुद्धात ठार केले.) ऑबर्नमधला कोणत्याही आधाराविना वर चढत गेलेला सर्पिल जिना आजही पाहुण्यांना थांबवून दाखवतात.

खांब दुरून दगडी वाटले तरी बहुतेक ठिकाणी ते विटांचे आहेत. गोलाकार विटा रचून त्यांवर गिलावा करायचा आणि पांढरा रंग द्यायचा, अशी पद्धत होती. ‘डनलीथ’ या १८५६ मधील घराला चारही बाजूंनी अशा खांबांची रांग आहे. आतल्या सजावटीतही हाच खेळ चालतो. साध्या लाकडी दारावर ओक लाकडाच्या रेषा रंगवायच्या किंवा लाकडी पट्टीवर संगमरवराच्या शिरा काढायच्या, ही त्या काळी नावाजलेली कारागिरी होती. तिला फसवणूक म्हणणे मात्र योग्य नाही, कारण असे हुबेहूब रंगकाम स्वस्तही नव्हते आणि सोपेही नव्हते.

हवामानाने काय ठरवले, काय नाही?

उंच छत, जमिनीपर्यंत येणाऱ्या खिडक्या, दोन्ही टोकांना दारे असलेला मधला लांब दिवाणखाना, रुंद व्हरांडे, झडपांची तावदाने: या सर्वांचे स्पष्टीकरण नेहमी हवामानाने दिले जाते आणि ते बरेचसे खरे आहे. उन्हाळ्यात हा प्रदेश दमट आणि तापलेला असतो. गरम हवा वर जाते, म्हणून छत उंच. समोरासमोरची दारे उघडली की वारा आरपार वाहतो, म्हणून मधला दिवाणखाना. व्हरांड्यामुळे ऊन भिंतीपर्यंत पोहोचत नाही. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या जुन्या घरात राहिलेल्या माणसाला यातले काहीच नवे वाटणार नाही.

पण हवामानाचे कारण पुढे केले की एक गोष्ट झाकली जाते. मेलरोझ नावाचे घर हे त्याचे बोलके उदाहरण आहे. जॉन मॅकमरन या वकिलाने १८४० च्या दशकात ते बांधले आणि आज ते राष्ट्रीय उद्यान विभागाच्या ताब्यात आहे. तिथल्या जेवणाच्या खोलीत मेजाच्या वर छताला महोगनी लाकडाचा एक भलामोठा, कोरीव पंखा टांगलेला आहे. त्याला दोर बांधलेला असे. जेवण चालू असताना गुलामीतला एखादा नोकर, बहुधा लहान मूल, खोलीच्या कडेला उभा राहून तो दोर ओढत राही, म्हणजे पाहुण्यांना वारा लागे आणि अन्नावर माश्या बसत नसत. साहेबांच्या बंगल्यातला दोरीचा पंखा आणि तो ओढणारा पोऱ्या आपल्याला ऐकून माहीत आहे. तोच पंखा इथे आहे, पण तो ओढणाऱ्याला पगार नव्हता आणि काम सोडून जाण्याची मुभाही नव्हती. थोडक्यात, हे घर थंड ठेवणारी यंत्रणा छत, खिडक्या आणि माणूस अशी मिळून बनलेली होती, आणि त्यातला माणूस नकाशावर दाखवला जात नाही.

मागच्या बाजूला हीच गोष्ट आणखी स्पष्ट होते. मेलरोझच्या मागच्या व्हरांड्यात तारांनी जोडलेल्या घंटा होत्या, प्रत्येकीचा आवाज वेगळा. आवाज ओळखून कोणत्या खोलीतून बोलावणे आले ते नोकरांनी समजून घ्यायचे. स्वयंपाकघर मुख्य घरापासून वेगळ्या इमारतीत आहे. त्यामागे आगीची भीती आणि उष्णता ही कारणे होतीच, पण स्वयंपाकाचा आवाज, वास आणि करणारी माणसे पाहुण्यांच्या नजरेपासून दूर राहावीत, हाही हेतू होता. स्वयंपाकघर, दुग्धशाळा, पाण्याचे हौद आणि गुलामांच्या खोल्या मिळून मागे एक दुसरेच घर उभे राहते. समोरचे घर या मागच्या घराशिवाय एक दिवसही चालू शकत नव्हते.

बांधले कोणी?

घर कोणाचे, असे विचारले की मालकाचे नाव येते, कधी वास्तुविशारदाचे येते. पण वास्तुविशारद विटा भाजत नाही. दक्षिणेत विटांची माती खणणे, साच्यात घालणे, वाळवणे आणि भाजणे ही कामे मोठ्या प्रमाणावर गुलामांकडून करून घेतली जात. साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टनसारख्या गावांत जुन्या विटांवर बोटांचे ठसे उमटलेले आजही दिसतात. ओली वीट उचलताना किंवा उलटताना पडलेले हे ठसे आहेत, आणि त्यांपैकी काही लहान मुलांच्या बोटांएवढे आहेत. दक्षिणेत गवंडी, सुतार, लोहार, गिलावेकरी अशा कसबी कारागिरांतही गुलामीतले अनेक जण होते. मालक त्यांना दुसऱ्यांच्या कामांवर भाड्याने देत आणि मजुरी स्वतः घेत.

अर्धवट राहिलेल्या घराचा मुंबईशी संबंध

नॅचेझमधील सर्वांत विलक्षण घर पूर्णच झाले नाही. हॅलर नट या धनाढ्य जमीनदाराने फिलाडेल्फियाचा वास्तुविशारद सॅम्युएल स्लोन याच्याकडून ‘लाँगवुड’चा आराखडा करून घेतला. घर अष्टकोनी होते आणि त्यावर कांद्याच्या आकाराचा घुमट, म्हणजे ग्रीक खांबांच्या गावात एकदम पूर्वेकडची हौस. मध्यभागी तळापासून घुमटापर्यंत मोकळी पोकळी ठेवली होती, जेणेकरून गरम हवा वर निघून जावी. १८६० मध्ये काम सुरू झाले आणि बाहेरचा सांगाडा उभाही राहिला. १८६१ मध्ये युद्ध पेटले आणि उत्तरेकडून आलेले कारागीर काम टाकून घरी परतले. नियोजित ३२ खोल्यांपैकी तळमजल्यावरील ९ खोल्याच पूर्ण झाल्या, त्याही मागे उरलेल्या गुलाम कामगारांच्या हातून. नट युद्धात उत्तरेच्या बाजूचा होता, तरी त्याची मालमत्ता वाचली नाही. १८६४ मध्ये तो न्यूमोनियाने वारला. त्याच्या कुटुंबाने पुढे त्या ९ खोल्यांतच संसार केला. जिना चढून वर गेले की आजही उघड्या विटा, कच्चे लाकूड आणि तिथेच पडून राहिलेले सामान दिसते.

हे घर अडले त्याच वेळी मुंबई उभी राहत होती, आणि दोन्हींचे कारण एकच होते. १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. तोपर्यंत इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास अमेरिकेतून जात असे. तो बंद झाल्यावर गिरण्यांनी भारताकडे मोर्चा वळवला आणि मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. त्या पैशातून शेअरांचा सट्टा, बँका आणि समुद्रात भराव टाकणाऱ्या कंपन्या यांचे पेव फुटले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती शरण आला, भाव कोसळले, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये मुंबईतली पेढ्यांची आणि कंपन्यांची दिवाळखोरी सुरू झाली. या तेजीचे नायक प्रेमचंद रायचंद यांनी पैसा हातात असताना विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला. त्याचे बांधकाम १८७८ मध्ये संपले. लाँगवुडचे वरचे मजले रिकामे राहिले आणि फोर्टात घड्याळाचा मनोरा चढला, हे एकाच कापूस-बाजाराच्या दोन टोकांना घडले.

मग ही घरे वाचली कशी?

शेजारच्या व्हिक्सबर्ग गावाने १८६३ मध्ये ४७ दिवसांचा वेढा आणि तोफांचा मारा सोसला. नॅचेझने त्याआधीच, १८६२ मध्ये, न लढता शरणागती पत्करली होती. पुढच्या वर्षी उत्तरेचे सैन्य गावात आले आणि त्याने बहुतेक घरे पाडण्याऐवजी वापरली. युद्धानंतर आलेली गरिबी ही दुसरी रखवालदार ठरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोंडअळीसारखाच उच्छाद मांडणारा एक भुंगा कापसावर पडला आणि उरलासुरला पैसाही गेला. नवे बांधायला पैसा नाही, म्हणून जुने पाडले गेले नाही. श्रीमंत गावांत जुनी घरे जितकी गेली तितकी गरीब गावांत गेली नाहीत, हे आपल्याकडच्या वाड्यांबाबतही ताडून पाहता येईल.

काही घरे वाचली ती माणसांमुळे. युद्धानंतर मेलरोझ कित्येक वर्षे बंद होते. त्या काळात घर आणि त्यातले सामान सांभाळले ते पूर्वी गुलाम असलेल्या दोन स्त्रियांनी. आज पर्यटक ज्या अस्सल फर्निचरचे कौतुक करतात ते त्यांच्यामुळे टिकले. १९३१ मध्ये राज्यातील उद्यानप्रेमी महिला मंडळांचे अधिवेशन नॅचेझमध्ये भरले, तेव्हा उशिरा पडलेल्या हिमाने बागा करपल्या. बागा दाखवायच्या तर काहीच उरले नव्हते, म्हणून यजमान बायकांनी घरे उघडली. पाहुणे खूश झाले आणि पुढच्या वर्षीपासून तिकीट लावून ‘नॅचेझ पिलग्रिमेज’ सुरू झाले. मंदीच्या काळात गळक्या छपरांना पैसा मिळाला तो यातून. त्याची किंमतही मोजावी लागली. घेरदार झगे घातलेल्या यजमानीण बाईंनी सांगितलेल्या इतिहासात कापूस असे, चांदीची भांडी असत, पण पंखा ओढणारे मूल कित्येक दशके नसे.

सरकारी यादीत नाव आले म्हणजे संरक्षण मिळाले का?

याबाबत अमेरिकेतही गोंधळ आहे. १९६६ च्या कायद्याने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. नोटोवेचे नाव तिच्यात होते आणि नॅचेझमधील अनेक घरांचेही आहे. पण या नोंदवहीत नाव येणे म्हणजे शाळेच्या फलकावर गुणवंत म्हणून नाव झळकण्यासारखे आहे: मान मिळतो, पण फी कोणी भरत नाही आणि शाळा सोडायला कोणी अडवतही नाही. खासगी मालकाने स्वतःच्या पैशाने इमारत पाडायची ठरवली तर केवळ ही नोंद त्याला रोखू शकत नाही. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना लागणारे काम असेल, तरच त्या कामाचा वारशावर काय परिणाम होईल याचा विचार करणे बंधनकारक ठरते.

खरा अडसर असतो तो गावाच्या स्वतःच्या नियमांचा. चार्ल्स्टनने १९३१ मध्ये असा पहिला नियम केला, त्यानंतर अनेक गावांनी तो उचलला. ठरावीक भागात दर्शनी बाजूत बदल करायचा किंवा इमारत पाडायची असेल तर स्थानिक समितीची मंजुरी लागते. जोडीला एक आमिषही आहे. उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीची मान्य पद्धतीने दुरुस्ती केली तर मंजूर खर्चाच्या २० टक्के इतकी सूट केंद्रीय करात मिळते. स्वतः राहत असलेल्या घराला ती मिळत नाही. म्हणूनच दक्षिणेत इतक्या हवेल्यांची हॉटेले, लग्नाची सभागृहे आणि निवासी न्याहारीगृहे झालेली दिसतात. पैशाचे गणित जुळते, पण गुलामांच्या खोल्या ‘मधुचंद्रासाठी खास कुटीर’ म्हणून भाड्याने दिल्या गेल्या की लोक संतापतात, आणि तो संताप रास्त आहे.

मग ही घरे जपायचीच कशाला?

आक्षेप असा: ही घरे अत्याचाराच्या पैशातून उभी राहिली, मग ती जळाली तर काय बिघडले? आक्षेपातला राग खोटा नाही. ज्यांचे पूर्वज त्या मागच्या खोल्यांत राहिले त्यांना खांबांसमोर लग्नाचे फोटो काढणारी जोडपी पाहून काय वाटत असेल, हे सांगायला नको. पण घर गेले की मागच्या खोल्याही जातात आणि तारांच्या घंटाही. मालकाने आपली कागदपत्रे, पत्रे, चित्रे पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली असतात. ज्यांना लिहायला शिकवणेच कायद्याने रोखले होते त्यांच्या जगण्याचा पुरावा बऱ्याचदा फक्त विटांत आणि खोल्यांच्या मापांत उरतो. घर जाळल्याने मालकाचे फारसे काही पुसले जात नाही.

शिवाय गावात फक्त हवेल्या नाहीत. स्टेट स्ट्रीटवर विटांचे एक साधे दुमजली घर आहे. गुलामीत जन्मून मुक्त झालेला न्हावी विल्यम जॉन्सन याचे ते. ७ मे १८४० रोजी नॅचेझवर आलेल्या ‘टोर्नेडो’त, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळात, ३१७ जणांचा बळी गेला. त्यात पडलेल्या इमारतींच्या विटा वापरून त्याने हे घर बांधले. १८३५ पासून १८५१ मध्ये त्याचा खून होईपर्यंत तो रोजनिशी लिहीत होता, आणि त्या काळच्या गावाबद्दल एवढी तपशीलवार माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही. तो स्वतः गुलामांचा मालकही होता. चांगले-वाईट असे दोनच कप्पे करून हे गाव पाहायला निघालेल्या माणसाची या घरापाशी पंचाईत होते.

आणि एक जागा अशी आहे जिथे इमारतच नाही. सेंट कॅथरीन स्ट्रीट आणि लिबर्टी रोड यांच्या तिठ्यावर, ‘फोर्क्स ऑफ द रोड’ येथे, गुलामांचा मोठा बाजार भरत असे. ‘डीप साउथ’ म्हणजे दक्षिणेच्या अगदी खालच्या, कापसाच्या राज्यांत न्यू ऑर्लिन्सनंतर याचाच क्रमांक लागे. १८३३ मध्ये कॉलऱ्याच्या भीतीने नगरपालिकेने व्यापाऱ्यांना हद्दीबाहेर काढले, म्हणून त्यांनी हद्दीच्या अगदी पलीकडे हा बाजार थाटला. उत्तरेचे सैन्य आल्यावर हे कोंडवाडे पाडून त्यांचे लाकूड छावणीसाठी वापरण्यात आले, आणि त्या कामात पूर्वी गुलाम असलेले कृष्णवर्णीय सैनिकही होते. पुढे कित्येक वर्षे तिथे माहितीची पाटीसुद्धा नव्हती. स्थानिक नागरिकांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये ही जागा राष्ट्रीय उद्यानात सामील झाली.

आता तिथे दाखवायचे काय, हा प्रश्न आहे. बाजार पुन्हा बांधावा, अशी सूचना ऐकायला सोपी वाटते, पण जतनाचे सरकारी निकष अंदाजाने केलेली पुनर्बांधणी मान्य करत नाहीत. मापे, चित्रे किंवा पाया यांचा भक्कम पुरावा हवा. म्हणून सध्या तिथे माहितीफलक आहेत आणि जमिनीत काँक्रीटमध्ये बसवलेल्या बेड्या आहेत. स्टँटन हॉल ही खांबांची भव्य हवेली पाहून झाली की तिथूनच पुढे येथे जावे, आणि जाताना मार्गदर्शकाला घराची मागची बाजू दाखवायला सांगावे.